एक स्फटिक, दोन उत्तरं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे झिओलाइट मध्येच कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी तीसेक वर्षं वर्गात एक मत शिकवत आलो. ते मत अपुरं आहे, हे मला निवृत्तीनंतर पटलं, आणि पटवलं ते या दगडाच्या गोष्टीनं. तेव्हा आजचं बोलणं ही एक समीक्षा आहे. पी. डब्ल्यू. ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या एका प्रसिद्ध मताची, आणि ओघानं माझ्या स्वतःच्या शिकवण्याचीही.

आधी दगडाची ओळख करून घेऊ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेला असणार. आपल्याकडे विहीर खणताना किंवा घाटात रस्ता काढताना काळा पाषाण फोडला, की कधी कधी आत पोकळी निघते. त्या पोकळीत पांढऱ्या, फिकट केशरी स्फटिकांचे झुबके असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी त्यांची नावं. नाशिक, पुणे, जळगाव या भागांतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असा एक दगड तापवला, तर त्यातून पाणी उकळल्यासारखं बाहेर पडायला लागलं. त्यानं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड.

पाणी कुठून आलं? तर हा दगड आतून पोकळ आहे. पण स्पंजासारखा वेडावाकडा पोकळ नाही. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एक जाळी असते, आणि त्या जाळीत ठरावीक मापाची रंध्रं, ठरावीक अंतरावर, स्फटिकभर पुन्हा पुन्हा येतात. रंध्राचं तोंड साधारण रेणूच्याच मापाचं. म्हणून काही रेणू आत शिरतात, काही दारातच अडकतात. रसायनशास्त्रज्ञ याला रेणूंची चाळणी म्हणतात. गेल्या शतकाच्या मध्यापासून असे स्फटिक कारखान्यात तयार होऊ लागले आणि आज पेट्रोलियम उद्योगाचा मोठा भाग त्यांच्यावर चालतो.

आणि आपला त्यांच्याशी संबंध फक्त विहिरीपुरता नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी काय धावपळ झाली, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. घराघरांत जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, त्यांच्या पोटात झिओलाइटच होतं. त्याच दिवसांत मुंबईच्या आय.आय.टी.नं नायट्रोजन बनवणारं यंत्र ऑक्सिजन बनवण्यासाठी वळवून दाखवलं. मुख्य बदल काय केला? यंत्रातली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट भरलं.

या बदलामागचं तत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कार्बनच्या चाळणीत ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर आत शिरतो, म्हणून बाहेर नायट्रोजन उरतो. तिथे फरक वेगाचा. झिओलाइट नायट्रोजनला जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणून ऑक्सिजन पुढे निघून येतो. तिथे फरक ओढीचा. रेणूला आतली जागा किती आवडते हा एक प्रश्न, आणि तो आत किती वेगानं हिंडू शकतो हा वेगळा प्रश्न. आपल्याला आज दुसऱ्या प्रश्नाशी कर्तव्य आहे. स्फटिकाच्या आत रेणू किती भरभर पसरतो? याला विसरण म्हणतात. ते मोजायचं कसं?

विसरणाचा नियम जुना आहे. १८५५ साली आडॉल्फ फिक यानं तो मांडला. जिथे दाटी जास्त तिथून जिथे कमी तिकडे पदार्थ वाहतो, आणि वाहण्याचा दर दाटीच्या उतारावर अवलंबून असतो. त्यात एक गुणक येतो, तो विसरणांक. पुढे १९०५ साली आइन्स्टाइननं दुसऱ्या बाजूनं तिथे जाता येतं हे दाखवलं. दाटीचा उतार नसला तरी रेणू इकडेतिकडे भटकतच असतो. ठरावीक वेळात तो मूळ जागेपासून सरासरी किती लांब जातो, हे कळलं तरी विसरणांक काढता येतो.

म्हणजे पहिल्यापासूनच दोन वाटा आहेत. एक गर्दी कशी सरकते ते पाहण्याची, दुसरी एकेक रेणू किती भटकतो ते पाहण्याची.

पहिली वाट आधी रुळली. रिचर्ड बॅरर हे मूळचे न्यूझीलंडचे, कारकीर्द इंग्लंडमध्ये. झिओलाइटमधल्या शोषणाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. पद्धत दिसायला अगदी सरळ आहे. झिओलाइटची पूड तराजूत ठेवायची, आतली हवा काढून टाकायची, मग एकदम वायू सोडायचा. वायू आत शिरेल तसं वजन वाढत जातं. वजन आणि वेळ यांचा आलेख काढायचा. स्फटिक गोल आहे असं धरलं, तर भरण्याला लागणारा सरासरी वेळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले विसरणांकाची पंधरा पट. वेळ मोजली, त्रिज्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, विसरणांक हातात आला.

दुसरी वाट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खुली झाली, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात. हॅरी फायफर यांचा गट होता, त्यात यॉर्ग केर्गर हे तरुण संशोधक. त्यांनी चुंबकीय अनुनाद, म्हणजे एन.एम.आर., वापरला. आपल्या एम.आर.आय.चा हा मोठा भाऊ म्हणा. हायड्रोजनची अणुकेंद्रकं चुंबकक्षेत्रात भोवऱ्यासारखी फिरतात. क्षेत्र एका बाजूला किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी असं क्षणभर केलं, की प्रत्येक रेणूवर तो कुठे आहे याची जणू खूण बसते. काही मिलिसेकंद थांबायचं आणि उलट परिणाम करणारी तशीच दुसरी खूण द्यायची. रेणू जागचा हलला नसेल, तर दोन्ही खुणा एकमेकींना पुसून टाकतात. हलला असेल, तर हिशोब जुळत नाही आणि संकेत क्षीण होतो. किती क्षीण झाला, यावरून रेणू किती हलले ते कळतं. यात वायू आत सोडायचा नाही, बाहेर काढायचा नाही. सगळं आधीच स्थिरावलेलं असतं. रेणू आत शांतपणे भटकत असतात आणि आपण फक्त त्यांचं भटकणं मोजतो.

दोन्ही पद्धती नीट, दोन्हीकडची माणसं काटेकोर. आणि उत्तरं? लाइपझिगचे आकडे वजनाच्या पद्धतीतून आलेल्या आकड्यांपेक्षा मोठे निघाले. दुप्पट, तिप्पट नव्हे. काही ठिकाणी एक लाख पटीपर्यंत मोठे.

हा फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून एक साधं गणित करू. स्फटिकाची त्रिज्या पाच मायक्रॉन. विसरणांक सेकंदाला एक चौरस मीटरचा दहा अब्जावा भाग. सूत्रात घाला, भरण्याचा वेळ येतो सेकंदाचा सुमारे साठावा भाग. पापणी लवण्याच्या आत स्फटिक भरला. आता विसरणांक एक लाख पटीनं कमी घ्या. वेळ येतो सुमारे अठ्ठावीस मिनिटं. तोच स्फटिक, तोच वायू. एक साक्षीदार म्हणतो, पाहुणा डोळ्याची पापणी लवायच्या आत घरभर फिरला. दुसरा म्हणतो, अर्धा तास लागला. न्यायाधीशानं काय करायचं?

इथे मी ब्रिजमनला बोलावतो.

पर्सी ब्रिजमन हार्वर्डचे, प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात यावरच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळालेले. १९२७ साली त्यांनी 'द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात मांडलेलं मत असं, की कुठल्याही संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्यासाठी आपण ज्या कृती करतो त्या कृती. लांबी म्हणजे काय? पट्टी लावून मोजण्याची कृती. मग ताऱ्यांमधलं अंतर आपण प्रकाशाच्या साहाय्यानं काढतो, त्याचं काय? ब्रिजमन म्हणतात, कृती वेगळी म्हणजे संकल्पना वेगळी. काटेकोरपणे बोलायचं तर तिला नावही वेगळं हवं.

या मताचं आकर्षण समजून घ्या. आइन्स्टाइननं नुकतंच दाखवलं होतं, की 'एकाच वेळी' या साध्या शब्दाचा अर्थ आपण गृहीत धरून बसलो होतो आणि तिथेच फसलो होतो. पुन्हा तसं फसायचं नसेल, तर शब्दामागे कृती दाखवा, नाहीतर शब्द सोडून द्या. हा प्रामाणिक माणसाचा आग्रह होता. पुढे इतरांनी या मताचं जे केलं, त्यावर खुद्द ब्रिजमनही खूष नव्हते. हे सगळं मान्य करून मी ते मत वर्गात शिकवायचो, आणि फार रंगवून शिकवायचो. 'मोजमापापलीकडे मोजलेली वस्तू नाही' असं एक वाक्य मी फळ्यावर लिहीत असे.

एकदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "सर, घरात दोन थर्मामीटर आहेत आणि दोन्ही वेगळा आकडा दाखवतात, तर मला दोन ताप आलेत का?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, "तुला एकच ताप आलाय, आणि तो ब्रिजमनचा आहे." वर्ग आणखी हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षी त्यानं पुन्हा प्रश्न विचारला नाही. तो विनोद मी पुढे कितीतरी बॅचना सांगितला. आज मला त्या विनोदाची लाज वाटते, कारण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता ब्रिजमनचं मत आपल्या स्फटिकाला लावून बघा. तराजूनं काढलेला विसरणांक ही एक संकल्पना, चुंबकानं काढलेला ही दुसरी. दोन कृती, दोन अर्थ, दोन आकडे. मग विरोध कुठे आहे? दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे वेगळे आले, तर त्यात आश्चर्य काय? सगळ्यांनी आपापल्या आकड्यांसह सुखानं घरी जावं.

माझा आक्षेप इथे आहे. हे मत भांडण सोडवत नाही, ते भांडण होऊच देत नाही. आणि त्या भांडणातूनच पुढचं सगळं ज्ञान आलं. लाइपझिगची माणसं आणि वजन करणारी माणसं 'तुमचं खरं तुमच्याजवळ, आमचं आमच्याजवळ' म्हणून थांबली असती, तर स्फटिकाबद्दल आपल्याला आज जे कळलंय त्यातलं फारसं काही कळलं नसतं.

ब्रिजमनवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट इथेच कबूल करतो. वरवर एक दिसणाऱ्या गोष्टी दोन असू शकतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि आपल्याच उदाहरणात खरं आहे. एकेका रेणूचं भटकणं म्हणजे स्वविसरण, आणि दाटीच्या उतारावरून होणारं वहन, यांचे गुणक तत्त्वतः वेगळे असतात. रेणूंची दाटी झाली की दोन्ही वेगळे वागतात. पण पुढची पायरी पाहा. रंध्रांत रेणू अगदी विरळ असतील, एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नसेल, तर हे दोन्ही गुणक सारखे यायला हवेत, असं सिद्धान्त सांगतो. म्हणजे दोन संकल्पनांमध्ये एक पूल आहे, आणि तो पूल कुठल्याही मोजमापाच्या कृतीनं बांधलेला नाही. तो रेणू काय करतात या समजुतीनं बांधलेला आहे. त्या पुलावर उभं राहूनच 'अरे, हा एक लाख पटींचा फरक असता कामा नये' असं म्हणता येतं. ब्रिजमनच्या घरात त्या पुलाला जागा नाही.

आपल्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. एकाच वस्तूला अनेक प्रमाणं लागू होऊ शकतात का? बौद्ध आचार्य दिङ्नाग म्हणतात, नाही. प्रत्यक्षाचा विषय वेगळा, अनुमानाचा वेगळा. ही प्रमाणव्यवस्था. नैयायिक म्हणतात, होऊ शकतात. ते प्रमाणसंप्लव. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. डोंगरावर आग आहे हे आधी विश्वासू माणसाकडून ऐकलं, जवळ गेल्यावर धुरावरून अनुमान केलं, आणि आणखी जवळ जाऊन डोळ्यांनी पाहिलं. आग तीच. मी ब्रिजमनला दिङ्नागाचा वंशज म्हणत नाही, दोघांची कारणं फार वेगळी आहेत. पण प्रत्येक साधनाला त्याची स्वतंत्र वस्तू वाटून देण्याची ओढ दोघांत आहे. झिओलाइटवर काम करणारी माणसं मात्र नकळत नैयायिक निघाली. आग एकच आहे, हे त्यांनी सोडलं नाही.

आणि नैयायिकांनी आपल्याला आणखी एक हत्यार दिलंय, उपाधी नावाचं. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान चालतं. जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. का? कारण धुराला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण आपण न बोलता गृहीत धरलेलं असतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात.

आता तराजूचं अनुमान तपासा. 'स्फटिक संथ भरला, म्हणून आतलं विसरण संथ.' यात ओलं सरपण कुठे आहे?

पहिली उपाधी उष्णतेची. वायू आत शिरून चिकटतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. पूड तापते. तापलेल्या झिओलाइटमध्ये कमी वायू मावतो. म्हणजे स्फटिक जवळजवळ भरलेला असतो, पण शेवटचा वाटा पूड थंड होईपर्यंत थांबून राहतो. आपण घड्याळ लावून मोजतो आणि म्हणतो, विसरण किती संथ! मोजलेलं असतं थंड होणं.

दुसरी उपाधी ढिगाची. आपण एक स्फटिक ठेवलेला नसतो, पुडीचा थर ठेवलेला असतो. वायूला आधी त्या थरातल्या फटींमधून खालच्या स्फटिकापर्यंत पोचायचं असतं. तो वेळही आपण स्फटिकाच्या नावावर मांडतो.

तिसरी उपाधी पृष्ठभागाची. स्फटिकाची कातडी आतल्यासारखी असेलच असं नाही. तोंडाशीच बरीच रंध्रं बुजलेली असू शकतात. आत हमरस्ता आहे, पण वेशीवर नाका आहे.

उपाधी ओळखायची कशी? इथे मला शास्त्रज्ञांची एक साधी युक्ती फार आवडते. मघाचं सूत्र आठवा. वेळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून आहे. म्हणजे खरोखरच आतलं विसरण मोजत असू, तर दुप्पट त्रिज्येच्या स्फटिकाला चौपट वेळ लागला पाहिजे. लागत नसेल, तर आपण भलतंच काहीतरी मोजतोय. मोठे स्फटिक वाढवून ही परीक्षा घेतली गेली. पुष्कळ जुने आकडे या परीक्षेत टिकले नाहीत. मोठ्या स्फटिकांवर, काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत दोन पद्धतींमधली दरी बऱ्याच ठिकाणी कमी झाली.

यातलं बरंच काम कोणी केलं, ते महत्त्वाचं आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठातले डग्लस रुथवेन हे शोषणाच्या पद्धतीचे माणूस, म्हणजे लाइपझिगच्या विरुद्ध पक्षाचे म्हणा ना. उष्णतेचा परिणाम हिशोबात कसा घ्यायचा, हे त्यांच्याच गटानं गणितानं मांडलं. १९८८ साली त्यांनी आणि म्लाडेन एइच यांनी एक नवी पद्धत दिली. झिओलाइट इतकं थोडं घ्यायचं, की ढीग असा उरतच नाही. त्यावर जोरात हेलियम सोडायचा आणि आतला वायू कसा बाहेर पडतो ते पाहायचं. उष्णता वाहून जाते, थर नाही, राहतो तो स्फटिक. स्वतःच्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः घेतली.

आणि समोरच्या बाजूनंही तसंच झालं. केर्गर यांनी आपल्याच एन.एम.आर.मधून रेणू स्फटिकातून बाहेर पडायला प्रत्यक्षात किती वेळ घेतो ते काढलं, आणि आतल्या वेगावरून तो किती लागायला हवा होता त्याच्याशी ताडून पाहिलं. दोन्ही जुळले तर वेशीवर नाका नाही. प्रत्यक्षातला वेळ जास्त निघाला तर नाका आहे. १९९२ साली केर्गर आणि रुथवेन या दोघांनी मिळून झिओलाइटमधल्या विसरणावर ग्रंथ लिहिला, तो या विषयातला आधारग्रंथ झाला. एक लाख पटींचा मतभेद असलेल्या दोन परंपरांचे प्रतिनिधी एका मुखपृष्ठावर आले. हे समेटाचं पुस्तक नाही. कुठे जुळतं आणि कुठे अजून जुळत नाही, याचा तो चोख हिशोब आहे.

आता दुसरी समीक्षा. ही गोष्ट थोडक्यात सांगताना लोक म्हणतात, 'एन.एम.आर. जिंकलं, तराजू हरला.' हे सोयीचं आहे, पण खरं नाही. काही संयोगांमध्ये, म्हणजे सिलिकॅलाइट आणि हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या यांसारख्या ठिकाणी, सगळ्या उपाधी काढून टाकल्यावरही फरक शिल्लक राहिला. कारण तपासलं, तर स्फटिकाच्या आतही सांधे आणि दोष असतात असं दिसलं. रेणू थोडं अंतर भरभर जातो, मग एखाद्या सांध्यापाशी अडखळतो. थोडं अंतर मोजणाऱ्याला वेग दिसतो. पूर्ण स्फटिक ओलांडायला लावणाऱ्याला अडखळणं दिसतं. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांच्या बोलण्यातून स्फटिकाचा नकाशा तयार झाला. तराजूला फेकून दिलं असतं, तर ते सांधे दिसलेच नसते. शिवाय कारखान्यातल्या टाकीत भरलेला असतो तो खरा, सांध्यांचा, कातडी बुजलेला स्फटिक. तिथल्या अभियंत्याला तराजूचा संथ आकडाच कामाचा असतो. फक्त त्यानं त्याला आतल्या विसरणाचं नाव देऊ नये.

मग डोंगरावर जाऊन आग डोळ्यांनी पाहिली का? जवळजवळ. लाइपझिगलाच पुढे व्यतिकरण-सूक्ष्मदर्शक वापरात आला. प्रकाशाचा एक झोत स्फटिकातून, दुसरा बाजूनं. आत वायू भरेल तसा स्फटिकाचा अपवर्तनांक बदलतो, आणि दोन झोतांच्या तुलनेतून एकाच स्फटिकाच्या आत कुठे किती वायू आहे याचं चित्र क्षणाक्षणाला मिळतं.

फेरिएराइट नावाच्या झिओलाइटमध्ये मेथॅनॉल शिरताना असं पाहिलं गेलं. एकूण भरण्याचा आलेख बघितला तर तो साध्या विसरणाच्या सूत्राशी छान जुळल्यासारखा वाटत होता. आतलं चित्र निराळंच होतं. पृष्ठभागाशी मोठा अडथळा होता, आणि स्फटिकावरचे छपरासारखे भाग आधी भरत होते. म्हणजे आकडे जुळले, कारण चुकलं. सूत्र बसलं म्हणजे समजलं असं नाही, हे याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. आणि हो, हे प्रत्यक्षही शंभर टक्के प्रत्यक्ष नाही. झोत आरपार जातो, त्यामुळे दिसते ती वाटेतली बेरीज. तिच्यावरून आतली दाटी काढायला थोडं अनुमान लागतंच. आपला नैयायिक इथे समजुतीनं हसेल.

समारोप करतो. मोजमाप म्हणजे आपण वस्तूला विचारलेला प्रश्न. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, इथपर्यंत ब्रिजमन बरोबर. पण प्रश्न कोणाला विचारला, हे विसरून चालत नाही. उत्तर देणारा एकच आहे, म्हणूनच दोन उत्तरं जुळत नसतील तर आपल्याला झोप लागता कामा नये. ब्रिजमनच्या मतात झोप लागते, हा त्या मताचा दोष. आणि 'अमुक जिंकलं, तमुक हरलं' असं म्हणणाऱ्यालाही झोपच लागते, फक्त दुसऱ्या कुशीवर.

एक प्रश्न घेऊ. हं, मागून विचारलंय, की तज्ज्ञांमध्येच असा मतभेद असला, तर आमच्यासारख्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

मी एवढंच म्हणेन, की कोण किती ठामपणे बोलतो ते बघू नका. आपल्याच आकड्यात ओलं सरपण कुठे आहे, हे कोण शोधतोय ते बघा. त्रिज्या दुप्पट करून पाहायला कोण तयार आहे, ते बघा. रुथवेन यांनी आपल्या बाजूच्या पद्धतीतली खोट काढली, केर्गर यांनी आपल्या रेणूंच्या वाटेवर नाका शोधला. विश्वास ठेवायचा तो अशा माणसांवर.

आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला तो मुलगा, आता पन्नाशीचा असेल, कुठे हे ऐकत असेल तर त्याला उत्तर देतो. नाही रे बाबा, ताप एकच. दोन थर्मामीटर वेगळे दाखवत असतील, तर हसायचं नसतं, कुठल्या थर्मामीटरला काय झालंय ते शोधायचं असतं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.